चांदीच्या माळेतली हिरवी काच

अण्णा, आज दुपारी कपाट आवरताना तुम्ही केलेली माळ हाताला लागली. खिडकीशी धरली, तर काच अजून तशीच पेटते. हे सांगायला दुसरं कोणी नाही, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

लोट्याला कंपनीत शिफ्टवर जाणाऱ्या मुलाशी माझं लग्न ठरलं, तेव्हा रत्नागिरीत तुमच्याकडे दागिन्याचं काम घेऊन येणारं कोणी उरलं नव्हतं. तुमचे हात कापायला लागले होते. घरात त्याबद्दल बोलायचं नाही असं जणू ठरलंच होतं; आई तुमचा कप अर्धाच भरायची, एवढंच. आणि एक दिवस तुम्ही म्हणालात, बायच्या गळ्यातलं मीच करणार. "बाजारातून आणूया की, आता सगळे तेच करतात," आई म्हणाली. तुम्ही तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. छताला टांगायच्या जुन्या हंड्या फुटल्या की त्यांच्या रंगीत काचा आजोबा जपून ठेवायचे. त्यातल्या हिरव्या आणि मधाच्या रंगाच्या तुम्ही निवडल्यात, घासून गोल केल्यात, मधूनमधून लाल नि दुधी खडे योजलेत, आणि ओटीवर बसून एकेका खड्यासाठी चांदीचं कोंदण वळायला लागलात. आंब्याला मोहोर होता तेव्हा सुरू केलेलं काम आंबे उतरायला लागले तरी संपेना.

शेवटची हिरवी काच राहिली होती, ती सकाळ. मी चहा घेऊन येते आणि माझ्यासमोर काच चिमट्यातून निसटते, ऐरणीवर आपटून फुटते. मी तुकडे वेचायला वाकते. "हात लावू नको! तुला कोणी बोलावलंन इथे?" असं तुम्ही मला कधीच बोलला नव्हतात. मी स्वयंपाकघरात पळाले. आई खोबरं खवत होती. वर न बघता म्हणाली, "नको जाऊस तिकडे. त्यांना एकट्यालाच हरू दे."

दुपारी तुम्हीच हाक मारलीत. दुसरी काच घासून तयार होती. "बाय, ये गो. मनगट धर माझं."

मी धरलं. जिवंत मासा मुठीत धरावा तसं ते मनगट. तुमचा कंप माझ्या कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत आला.

"घट्ट धर."

"दुखेल, अण्णा."

"दुखू दे."

काच कोंदणात बसली, तुम्ही चांदीची कड दाबलीत. जराशी वाकडी, पण बसली. मी हात सोडायला गेले, तर म्हणालात, "राहू दे अजून थोडा वेळ."

लग्नात बायका माळ हातात घेऊन बघत होत्या, कोणी केली म्हणून विचारत होत्या. तुम्ही मांडवाच्या टोकाला, दोन्ही हात उपरण्याखाली घेऊन बसला होतात.

मग तुम्ही अंथरूण धरलंत. सवड मिळाली की मी एसटीने यायची आणि तुमच्या उशाशी मनगट धरून बसायची. दुसरं काय करायचं ते मला कळत नव्हतं, डॉक्टरांनाही नव्हतं. एकदा डोळे मिटूनच तुम्ही विचारलंत, "थांबलं काय गो?"

मी म्हटलं, "हो अण्णा, थांबलं."

तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे बघितलंत. ते तुम्हाला खरं वाटलं, की माझ्यासाठी तुम्ही गप्प राहिलात, हे मला अजून कळलेलं नाही.