पस्तीस बाह्यांचं रफू

४ मार्च

चि. मोजपट्टीस,

अनेक आशीर्वाद. तुझं सहा ओळींचं पत्र मिळालं. त्यातल्या दोन हवामानाच्या होत्या.

तुमच्या चाचणीच्या चाळीसही बाह्या काल शिवणघरात परत आल्या. तुम्ही त्यांना लक्ष्य म्हणता, मी बाहीच म्हणणार. विमानामागे तारेनं ओढायची बारा मीटर लांब नारिंगी कापडाची नळी, मीच बेतलेली, मीच शिवलेली. तिला दुसरं काय म्हणायचं? सोबत चिठ्ठी होती: धुऊन, फाटलं असेल तिथं रफू करून द्यावं. म्हणून एकेक टेबलावर पसरून हात फिरवला. पाचांना भोकं आहेत. बाकीच्या पस्तीस जशाच्या तशा, नुसत्या चुरगळलेल्या. एक टाकासुद्धा उसवलेला नाही. काजं-बटणं करणारीला म्हटलं, बघ, आपोआप नेम धरणाऱ्या तोफेचे गोळे अंगावर घेऊन आलंय हे कापड, याला म्हणतात दुहेरी टीप. तिनं नुसता सुईत दोरा ओवला. तिचा नवरा तोफखान्यात आहे आणि पुढच्या महिन्यात त्याच तोफेपाशी उभा राहणार आहे, त्यामुळे हल्ली ती कमीच बोलते.

रविवारी वाचनालयात वाद आहे: या तोफांच्या भरवशावर लढाईत उतरावं की नाही. चाळीसपैकी चाळीस बाह्या टिपल्याचं सरकारनं जाहीर केलंय. तरी गणिताचे निवृत्त सर विरोधात बोलणार, कारण ते घड्याळाच्याही विरोधात बोलतात. सरकारच्या बाजूनं मी. मजबुती दाखवायला एक बाही घेऊन जाणार आहे. तू त्याच चाचणीवर होतीस म्हणून विचारते, दोरा कसा वाटला?

जेवतेस ना? लोभ आहे, तो मोजत बसू नये.

तुझी आत्या


८ मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. दोरा उत्तम आहे. टीप उत्तम आहे. दर इंचाला अकरा टाके, सगळीकडे सारखे. बाह्या पाठवण्याआधी मी मोजले होते.

बाही वाचनालयात नेऊ नये. कारण लिहिता येत नाही. नोकरीवर रुजू होताना गुप्ततेच्या कागदावर सही केली आहे, त्यामुळे लिहिता येत नाही एवढंच लिहिता येतं. काहीतरी न्यायचंच असेल तर मागे शिवलेला तंबू ने. तो चांगला झाला होता आणि त्याच्याबद्दल कुणाचंही काही म्हणणं नाही.

माझं नेहमीचं चाललं आहे. कॅमेऱ्यांनी अंतरं मोजते. साहेबांनी एक तक्ता सहीसाठी दिला आहे, तो आठवडाभर टेबलावर आहे. पंख्यानं उडू नये म्हणून त्यावर पेपरवेट ठेवला आहे. साहेब रोज येऊन पेपरवेटची चौकशी करतात.

जेवते. साधारण एक वाजता. लोभ आहे तेवढा असावा. वाढल्यास हरकत नाही.

तुझी मोजपट्टी


१९ मार्च

चि. मोजपट्टीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वेळेत मिळालं होतं. कारण लिहिलं असतंस तर नसती नेली.

व्यासपीठापासून दारापर्यंत लोकांनी बाही डोक्यांवर धरली. ग्रंथपाल तिच्याखाली सापडले, ते शेवटपर्यंत तिथंच बसले. मी दुहेरी टिपेवर दहा मिनिटं बोलले, टाळ्या झाल्या. मग सर उठले. चष्मा लावून, मान वर करून बाहीखालून दारापर्यंत गेले, तसेच परत आले, आणि एवढंच विचारलं:

“बाई, भोक कुठं आहे?”

मी ताठ मानेनं सांगितलं की एकही नाही, आणि अशा पस्तीस आहेत.

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं, मग सगळी खोली. मला तो हशा कळायला बाही घडी करण्याइतका वेळ लागला. बारा मीटरची घडी एकटीला घालता येत नाही. दुसरं टोक सरांनी धरलं. ते तेवढे हसत नव्हते.

पेपरात बाहीचा फोटो आला. तिसऱ्या दिवशी मंत्र्यांनी सभागृहात निवेदन केलं की चाळीसही बाह्यांच्या चिंध्या झाल्या होत्या, परंतु शिवणाऱ्या बाईंचं रफू इतकं बेमालूम आहे की भोक होतं कुठं, हे आता सापडत नाही. दुसऱ्या दिवसापासून दारात रांग. कसर लागलेले कोट, छत्र्या, मोजे. एकजण तडा गेलेली काच घेऊन आला.

काल मंत्रालयाचा माणूस कागद देऊन गेला. चाळीसही बाह्या फाटलेल्या होत्या आणि त्या मी रफू केल्या, असं त्यात लिहिलंय. खाली माझी सही हवी. चाळीस वर्षं सुई धरली, पण अशी तारीफ कधी कुणी केली नव्हती. केली ती नेमकी न केलेल्या कामाची. खोटं कशाला सांगू, कागद दोनदा वाचला. छान लिहिलाय.

तेवढ्यात काजंवालीनं हातातलं काम खाली ठेवलं आणि विचारलं, “आत्याबाई, तुम्ही सही केलीत की तोफेचा नेम सुधारेल का हो?”

मी पाच रफू केल्या, पस्तीसांना इस्त्री केली, हे मला ठाऊक आहे. पण उद्या ते म्हणतील, म्हातारीला आठवत नाही. तू तिथं होतीस. या खेपेस दोऱ्याचं विचारत नाही. गोळे किती बाह्यांना लागले?

उत्तर आल्यावरच लोभाचं बघू.

आत्या


२ एप्रिल

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. पाच.

नेम लागला की नाही हे ती तोफ स्वतःच नोंदवते. म्हणजे स्वतःचा पेपर स्वतः तपासते आणि पैकीच्या पैकी गुण घेते. माझे कॅमेरे पाच म्हणतात. तक्त्यावर चाळीस होते. तुझं पत्र वाचून मी पेपरवेट उचलला, चाळीस खोडून पाच लिहिले, सही केली आणि एक प्रत सभागृहाच्या चौकशी समितीकडे पाठवली. चौकशी संपेपर्यंत एकही तोफ हलवू नये, असा समितीचा आदेश काल निघाला. काजंवालीला हे आधी सांग, बाकीचं पत्र नंतर वाच.

तू दोऱ्याबद्दल विचारलंस, मी दोऱ्याबद्दल लिहिलं. त्या पत्रात एकही चूक नव्हती. मंत्र्यांच्या निवेदनाहून ते बरं आहे, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

गुप्ततेचा कागद मोडल्याबद्दल मला उद्यापासून येऊ नये असं कळवलं आहे. पुढे आणखी काय होईल ते माहीत नाही, म्हणून लिहीत नाही. शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. सामान एक पेटी आणि पेपरवेट. तो माझा स्वतःचा आहे. मला काजं करता येत नाहीत. टाके मोजता येतात.

लोभ उरला असल्यास कळवावं.

तुझी मोजपट्टी


५ एप्रिल

चि. मोजपट्टीस,

अनेक आशीर्वाद. तुझा आकडा यायच्या आधीच मी कागद परत दिला होता. खाली सही केली, फक्त वर दुरुस्ती करून: पाच रफू, पस्तीस इस्त्री. माणूस म्हणाला असं चालत नाही. म्हटलं, मग तुम्ही रफू करा त्याला.

पस्तीसांना नुसती इस्त्रीच होती हे कळल्यावर रांग मोडली. एकटे सर आले, कोट घेऊन. भोक पाठीवर होतं, त्यांना स्वतःला दिसलंच नव्हतं, मी दाखवलं. फार बरं वाटलं. काजंवाली सकाळपासून बोलतेय, आता कसं थांबवायचं ते कळत नाही.

पेपरवेट आण, बेतलेलं कापड पंख्यानं उडतं. शनिवारी जेवायला थांबते. साधारण नव्हे, बरोबर एक वाजता.

लोभाचं विचारलंस. ये आणि मोजून घे.

तुझी आत्या