घेतलं म्हटल्याशिवाय

१९ नोव्हें. ७४, इस्लामपूर
सांगलीहून परत. तीन दिवस व्यवस्थापनाचा वर्ग. फळ्यावर नुसते चौकोन, वरचा साहेबाचा, खालचे आपले. साखर कारखान्याचे मॅनेजर साहेब म्हणाले, "शिकलात ते कारखान्यात लावून दाखवा, शिफ्ट-इनचार्ज म्हणून कायम करतो." मेढ्याला आईला लगेच कळवूनही टाकलं. घाईच माझी.

२२ नोव्हें.
चार वाजता पॅनवर, पाक शिजतो त्या बंद कढईपाशी, उभा होतो. ड्यूटी संपलेला शंकर शिजत्या पाकाचा थेंब काचेच्या पट्टीवर घेतो आणि पुढच्या पाळीच्या दादूनानांपुढं धरतो. नाना काच दिव्यासमोर धरून बघत राहतात. मग एकच शब्द, "घेतलं." तोवर शंकर हलत नाही, उंब्रजची बस गेली तरी.
मलाही काच दाखवली. पाकात दाणे उठत होते, सगळे एका मापाचे. नाना म्हणाले, "लय ढवळाढवळ न्हाई करायची, सायेब. लक्ष ठिवायचं. त्यो आपला आपून वाढतो." एवढी केमिस्ट्री शिकलो, पण अंगावर काटा आला तो आज.

२७ नोव्हें.
तरी "घेतलं"ला पुरावा काय? वही सुरू केली. खाली माझ्या टेबलावर, जाणाऱ्यानं आणि येणाऱ्यानं सही करायची. काचेचा सोपस्कार बंद. रोजची पंधरा मिनिटं वाचतात. मॅ. साहेब खूश.
नाना : "वही सांगंल व्हय दाना कसा हाय त्यो?"
हसण्यावारी नेलं.

९ डिसें.
घात झाला. शंकर खाली सही करून बस गाठायला गेला. नाना माझ्याच वहीपुढं रांगेत. प्रौढ वर्गात शिकलेली सही, एकेक अक्षर जपून काढतात. तेवढा वेळ वर पॅनवर कुणीच नाही. पाक आटत गेला, मोठ्या दाण्यांत मापात न बसणारा बारीक, खोटा दाणा उठला. अख्खा पॅन पुन्हा विरघळवायचा.
नाना वर आले, काच बघितली. कुणाला शिवी नाही, दोष नाही. एकाकडं बघितलं, त्यानं वाफेची चावी धरली. दुसऱ्याकडं बघितलं, त्यानं पाणी सोडलं. सगळ्यांत शेवटी माझ्याकडं बघितलं. मी बाजूला सरलो. असा माणूस वर्गातल्या कुठल्या चौकोनात बसवायचा?

१० डिसें.
मॅ. साहेब : "कुणाच्या हातून गेलं? एक नाव द्या. घरी बसवतो त्याला."
वहीत दोन्ही सह्या चोख. पॅन नानांच्या नावावर. चार महिन्यांनी रिटायर व्हायचे.
नाना आपणहून टेबलाशी आले. "लिवा माझं नाव. सही माझीच हाय की. तुमचं आत्ता कुठं सुरू हुतंय."
शंकर आज तासभर आधी येऊन पॅनपाशी उभा. कुणी सांगितलं नव्हतं. मला लाज वाटली.

११ डिसें.
रिपोर्ट तीनदा फाडला. चौथ्यांदा लिहिलं : चूक नियमाची, नियम माझा. खाली नाव.
मॅ. साहेबांनी वाचून ड्रॉवरमध्ये टाकला. "बघू."
वही बंद केली. काच परत. आईला दुसरं पत्र लिहायचं आहे, पण काय

१६ डिसें.
साहेबांचा निरोप अजून नाही. रोज शिपाई दिसला की उठून उभा राहतो.
या आठवड्यात नाना सकाळच्या शिफ्टला. चार वाजले तरी शंकर नाही, बस वाटेत बंद पडलेली. घरी नानांची मंडळी तापानं पडलेली, सगळ्यांना ठाऊक. तरी नाना पॅनपाशीच. म्हटलं, "जावा नाना, मी आहे ना."
"आसं न्हाई जाता येत." काच माझ्यापुढं धरली.
दिव्यासमोर धरून बघितली. दाणे तसेच, एका मापाचे. किती बघितलं कोण जाणे. नाना थांबून राहिले.
"घेतलं," म्हणालो.
नानांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि पायऱ्या उतरून घरी गेले. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.