लाल कार्ड, हिरवं कार्ड आणि मी तटस्थ

२ एप्रिल
पुण्याहून लेकीचं, निकिताचं, पार्सल आलं. आत ग्राफिक्स कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरमधला फिल्म पळवणारा भाग. तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी नवीन घेतलं, त्याचं हे जुनं. हिरव्या कंपनीचं. आपल्या फोटो-व्हिडिओ स्टुडिओत लाल कंपनीचं आहे. या दोन कंपन्यांवरून जगभर भांडणं चालतात. नेटवर लोक एकमेकांचे आईबाप काढतात. मी त्यात नाही.

लेकीला फोन केला. आपल्या कार्डाला काय झालंय म्हणून विचारलं. ती म्हणाली, आई, ते दहा वर्षांचं आहे. मी म्हणाले, म्हणजे आता कुठं ते रुळलंय.

संध्याकाळी जयंती मंडळाचे अध्यक्ष आबाराव काका आले. यंदा चौकात मोठा एलईडी पडदा लावणार आहेत. मिरवणुकीची फिल्म त्याच्यावर दाखवायची, फोर-के मध्ये, वीस तारखेला. म्हणाले, रोहिणी, जमत आसलं तर व्हय म्हण. न्हाय तर सोमेशला देतो, वाईट वाटून घिऊ नगं.

हे काम अकरा वर्षं आपल्याकडं आहे. मंडळाचं काम गेलं की लग्नंही त्याच वाटेनं सोमेशकडं जातील. सोमेशचा स्टुडिओ समोरच्याच गल्लीत आहे. मी व्हय म्हणाले. फोर-के म्हणजे नक्की किती मोठं ते नंतर वाचलं. नेहमीच्या फिल्मच्या चौपट.

३ एप्रिल
निर्णय. दोन्ही कार्डांची रीतसर परीक्षा घ्यायची. शंभर मार्क. जे जिंकेल त्यावर मंडळाची फिल्म करायची. मी भावनेवर चालणारी बाई नाही. निकिताचे पप्पा गेल्याला जूनमध्ये दोन वर्षं होतील, स्टुडिओ एक दिवस बंद ठेवला नाही.

आपलं लाल कार्ड साधं नाही, हे लिहून ठेवते. पप्पांनी त्याचं कंपनीचं झाकण काढून टाकलं, दोन मोठे पंखे प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळून बसवले, आतली उष्णता ओढणारी पेस्ट बदलली. आणि वेग वाढवला. कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा कार्ड जास्त पळवायचं, याला ओव्हरक्लॉक म्हणतात. स्क्रीनवर एक नंबरचं बटण करून ठेवलंय. मला म्हणाले होते, रोहिणी, हे दाबलं की ते कंपनीचं बी ऐकत न्हाय. रोज सकाळी झाडून झालं की मी ते दाबते. आत काय आहे ते उघडून बघायची गरज पडली नाही.

मी सातवी शिकलेली. बाकी सगळं वाचून. आठवडाभर नेटवर या विषयाचं वाचून काढणार आहे.

४ एप्रिल
वाचलं. बरंचसं इंग्रजीत आहे. उद्या परीक्षा सुरू.

५ एप्रिल
पहिली चाचणी. एका लग्नाची तीच फिल्म दोन्ही कार्डांवर एक्स्पोर्ट करायची, म्हणजे तयार फाईल बाहेर काढायची. लाल कार्ड सकाळी लवकर घेतलं, हवा गार होती, कूलर काठोकाठ भरलेला. चाळीस मिनिटं. हिरव्याला दुपारी दोन वाजता वेळ मिळाली. पत्रे तापलेले, कूलरमधलं पाणी संपलेलं. तरी बावीस मिनिटं.

माझ्या मोठ्या नणंद मालनबाई, त्यांना आम्ही अक्का म्हणतो, दुपारी दुकानात येऊन बसतात. त्या म्हणाल्या, एकाला सावलीत पळवलंस आन् दुसऱ्याला उन्हात, ही कसली गं परीक्षा. मी म्हणाले, अक्का, ही कठीण परिस्थितीतली चाचणी आहे. त्या म्हणाल्या, मग लाल्याला बी घाल की कठीण परिस्थितीत.

अक्कांना टेक्निकल गोष्टी समजत नाहीत.

६ एप्रिल
दोघांनाही सकाळी घेतलं. हिरवं आणखीनच लवकर झालं. नुसत्या वेगावर काय ठरवायचं. घाईत केलेलं काम बघायला लागतं. मी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावून बघितल्या. फरक दिसला नाही, पण असणार.

वेगाचे मार्क पन्नासवरून वीसवर आणले. उरलेले असे वाटले: दुरुस्ती घरी करता येणे, सवय, थंडीत खोली ऊबदार ठेवणे, स्वभाव.

८ एप्रिल, दुपार
हिरवं कार्ड बिघडलं. काम संपलं आणि त्याचे पंखे एकदम थांबले. आधी वाटलं लाईट गेली. अक्का खुर्चीत झोपलेल्या होत्या, त्या दचकून उठल्या. बंद का केलंस म्हणाल्या.

निकिताला लगेच फोन केला. मनातून थोडं बरं वाटत होतं, ते तिला सांगितलं नाही. ती म्हणाली, आई, बिघडलेलं नाही. गार असलं की त्याचे पंखे आपोआप थांबतात. तशी सोयच आहे त्यात, लोक त्याचे जास्त पैसे देतात.

गप्प बसायचे जास्त पैसे.

लाल कार्डाचे पंखे काम असो नसो, दिवसभर चालतात. दुकानात कुणी आहे असं वाटतं. मार्कांच्या यादीत आवाज हा विषय वाढवला. लाल दहापैकी दहा. हिरवं शून्य.

९ एप्रिल
सोमेश झेरॉक्सचा कागद मागायला आला आणि तासभर बसला. त्याच्याकडंही हिरव्याच कंपनीचं कार्ड आहे. त्यानं त्याचा वेग वाढवलाय आणि वर वीज कमी केली आहे, त्यामुळं ते पळतंही जास्त आणि तापतंही कमी, असं त्याचं म्हणणं. नव्याच्या निम्म्या किमतीत घेतलेलं कार्ड नव्याच्या बरोबरीनं पळतंय, खरी किंमत अशी काढायची असते वहिनी, म्हणाला. मी मान डोलावली. हा माझा विषय नाही, असं त्याला वाटू देणं बरं नाही.

जाताना लाल कार्डाकडं बघून म्हणाला, वहिनी, याचा वेग मात्र वाढवायला जाऊ नका हं.

जळतो.

१० एप्रिल
निकाल. लाल ६१, हिरवं ३९. स्वभावात हिरवं फार मागं पडलं.

हिरवं कार्ड खोक्यात घालून पुण्याला परत पाठवलं. घरात ठेवलं असतं तर मन दोन्हीकडं राहिलं असतं. निकिता म्हणाली, आई, राहू दे ना तिथंच, खायला मागतंय का ते. मी म्हणाले, परीक्षेत नापास झालेल्याला घरी पाठवतात. ती म्हणाली, आई, तुला ते लाल ठेवायचंय तर ठेव ना, परीक्षा कशाला घेतलीस. पोरीला शास्त्रीय पद्धत माहीत नाही.

१४ एप्रिल
जयंती. नेहमीचे दोघे कॅमेऱ्याला, एक ड्रोन भाड्यानं. मिरवणूक चार तास. गेल्या वर्षी मी दारातून बघितली होती, यंदा सोबत चालले. टेम्पोच्या टपावर कुणी चढलं नाही शूटिंगला. पप्पा चढायचे आणि आबाराव काका खालून ओरडायचे, राजपाल, पडशील मर्दा. यंदा काका टेम्पोपाशी आले, टपाकडं बघितलं आणि नुसतेच पुढं गेले.

शूटिंग झकास झालंय.

१६ एप्रिल
मिक्सिंग, म्हणजे शूटिंगचे तुकडे जोडायचं काम, पूर्ण. एक्स्पोर्टला लावलं. साडेतीन टक्क्यांवर अडकलं. दुपारी व्होल्टेज कमी असतं.

१७ एप्रिल
सकाळी चार टक्के. मग पुन्हा चार. संध्याकाळी स्टॅबिलायझर बदलून सहा. सुधारणा आहे. या हिशेबानं वीस तारखेपर्यंत वीस टक्के तरी व्हायला हरकत नाही.

अक्कांनी विचारलं, हिरवं आसतं तर झालं आसतं का गं. मी म्हणाले, सांगता येत नाही. त्या म्हणाल्या, सांगता येतंय, तुला सांगायचं न्हाय.

१८ एप्रिल
उपाय सापडला. पप्पांनी वेग वाढवलाच होता, आपण आणखी थोडा वाढवायचा. स्क्रीनवरची वेगाची पट्टी उजवीकडं ओढायची असते, एवढं वाचलं आहे. थोडी ओढली. काही झालं नाही. आणखी ओढली. कार्डाचा आवाज चढत गेला. अक्का म्हणाल्या, इमान उडतंय का काय. मी म्हणाले, हीच त्याची खरी ताकद. मग पडदा जांभळा झाला, आडव्या रेषा आल्या, सगळं बंद पडलं. तापल्याचा वास आला.

निकिताला फोन. हिरवं कार्ड तिच्याकडं पोचलंय. आज गुड फ्रायडेची सुट्टी, कुरियर बंद. उद्या टाकलं तर सोमवारी मिळेल. फिल्म रविवारी दाखवायची आहे.

ती म्हणाली, आई, सोमेशकाकांकडं जा. मी म्हणाले, जीव गेला तरी जाणार नाही.

१९ एप्रिल
सोमेशकडं गेले. त्याच्या कार्डाची चाचणी घ्यायची राहिलीच होती, ती या निमित्तानं झाली.

फिल्म सव्वा तासात निघाली. त्याचं मशीन इतकं शांत की मध्ये दोनदा वाकून बघितलं. बसल्या बसल्या मी म्हणाले, पप्पांचंही असंच चालायचं, त्यांनी वेग फार वाढवला होता. सोमेश माऊस फिरवत राहिला. मग म्हणाला, वहिनी, रागाला येऊ नका. दादा ते कार्ड घेऊन माझ्याकडं आले होते. तीन वर्षं झाली आसतील. पडद्यावर रेषा येत होत्या. आमी दोघांनी मिळून वेग खाली आणला. कंपनीचा आसतो त्याच्याबी खाली. तवा कुठं ते चालायला लागलं. दादा म्हणले, घरी बोलू नको, तिला वाढवला म्हणून सांगितलंय.

म्हणजे मी रोज सकाळी झाडून झाल्यावर वेग कमी करत होते.

सोमेशला म्हणाले, मला माहीत होतं. तो म्हणाला, व्हय वहिनी.

घरी येऊन अक्कांना सांगितलं. त्या हसायला लागल्या, मग डोळ्याला पदर लावला, परत हसल्या. म्हणाल्या, लहानपणी बी आसंच. सायकलीला ब्रेक नसायचा आन् म्हणायचा, मी मुद्दाम काढलाय, जोरात पळावी म्हणून.

मीही हसले. दोन वर्षांत त्यांच्याबद्दल नवीन काहीतरी कळलं. मला वाटलं होतं, आता तसं काही कळायचं राहिलं नाही.

२० एप्रिल
चौक भरला होता. फिल्म एकदाही अडकली नाही. आबाराव काका म्हणाले, रोहिणी, लई झ्याक. राजपालच्या फिल्मीत मधीच माणसं थांबायची आन् मग पळायची. यंदा समदी नीट चालत्यात.

कुणाच्या मशीनवर केली ते मी सांगणारच होते, पण तेवढ्यात जेवणाची पंगत बसली. पंगतीत असल्या गोष्टी बोलू नयेत. सोमेश माझ्या समोरच बसला होता. त्यानं भात तेवढा मागून घेतला.

२२ एप्रिल
सकाळी आबाराव काकांकडं जाऊन खरं सांगितलं. ते म्हणाले, ठावं हाय, अक्कानं त्याच दिवशी सांगितलं. मग पुढल्या साली दोघं मिळून करा की. अर्धं तुझं, अर्धं सोमेशचं.

म्हणजे सोमेशला हाताखाली घेऊन शिकवायला मिळेल. वाईट नाही. काम हातातून गेलं असं म्हणता येणार नाही, निम्मंच गेलं.

काल हिरवं कार्ड परत आलं, ते सोमेशनं बसवून दिलं. लाल कार्डही त्यानंच वेग खाली आणून पुन्हा चालू केलं. म्हणाला, वहिनी, याच्यावर आता फिल्म होणार नाही, याला उगी कशाला ठेवता. मी ते जुन्या कॉम्प्युटरला लावलं, खास पासपोर्ट फोटोसाठी. निर्णय पूर्ण टेक्निकल आहे.

निकिताला तसं कळवलं. ती म्हणाली, आई, पासपोर्ट फोटोला कार्ड लागतच नाही. ते काढून एक फोटो करून बघ, लावून एक बघ, सारखाच वेळ लागेल. मी म्हणाले, बघते. तटस्थ माणसानं बघायलाच पाहिजे. वेळ मिळाला की लगेच बघते.

२३ एप्रिल
दिवसभर एकही गिऱ्हाईक आलं नाही. तरी वेळ मिळाला नाही.