मंद्रूपमार्गे समरकंद

सोलापूर,
मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६

प्रिय आपा,

सलाम. तू बरी असशील, शेळ्या बऱ्या असतील, तुझ्या सासूबाईंचा गुडघा होता तसाच असेल. आम्ही इथे सगळे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. मजेत कुणीही नाही. घरात समरकंद शिरलंय.

तू घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलीस आणि फोनवर ‘बरं, ठेवते’ याच्या पुढे जात नाहीस, म्हणून हे पत्र. मराठीत लिहितेय, म्हणजे टेबलावर उघडं टाकून शाळेत गेले तरी काळजी नाही. अम्मीला उर्दूच वाचता येतं. आपल्याला दोघींना मराठी शाळेत घातल्याचा तिला आयुष्यात एवढाच तोटा झाला.

तर बातमी अशी. ईदनंतर आम्ही सगळे परदेशी निघालोय. ताश्कंद, समरकंद, बुखारा, खिवा. खर्च आपल्या भाऊरायाचा, गुफरानचा, हौस अब्बांची आणि डोकेदुखी माझी. लग्न न झालेली मुलगी म्हणजे घरचा फुकटचा ट्रॅव्हल एजंट, हे मला आता पुरतं कळलंय. वर दहावीच्या पूर्वपरीक्षेचे गठ्ठे पडलेत. मुलं नकाशात गंगा राजस्थानात नेतात, ती मी निदान लाल पेनानं परत आणू शकते. आपल्या घरच्यांना कुठल्या पेनानं आणू?

अब्बांचं तुला माहीतच आहे. जन्मभर लोकांना विजापूरचा गोलघुमट दाखवायला नेलं, बिदरचा किल्ला दाखवायला नेलं, आणि स्वतः पार्किंगमध्ये गाडीखाली सतरंजी टाकून झोपले. गुफराननं मोबाइलवर समरकंदचे निळे घुमट दाखवले तेव्हा म्हणाले, ‘एकदा मलाही पॅसेंजर म्हणून जायचंय.’ ते ऐकून मला इतकं भरून आलं, की मीच म्हटलं, सगळं मी ठरवते. तेव्हाच जीभ चावायला हवी होती.

कारण अब्बा पॅसेंजर व्हायला तयारच नाहीत. ते ही सहल अजून ड्रायव्हरच्या सीटवरून आखतायत. म्हणे पहाटे फजरच्या नमाजनंतर गाडी सोडायची, म्हणजे ऊन चढायच्या आत बुखारा. मी म्हटलं, अब्बा, तिथं आगगाडी आहे, तिची वेळ ती ठरवते. मग म्हणे स्टोव्ह आणि मोठं पातेलं बरोबर घ्यायचं, परक्या गावात वीस माणसांचं जेवण कुठं शोधणार? आपण वीस नाही, घरचेच आहोत, हे त्यांना रोज सांगावं लागतं. कडक भाकरीचा थप्पा आणि शेंगाचटणीचा डबा यावर शेवटी तह झाला. त्यानंतर त्यांनी काय विचारावं? खिव्यात जी गाडी भाड्यानं घ्यायची, तिचा ड्रायव्हर झोपणार कुठं? ‘त्याला खोली मिळत नसेल तर मला ते हॉटेल नको,’ म्हणाले. आता हे मी हॉटेलवाल्याला कुठल्या भाषेत विचारू?

सगळ्यात मोठा घोळ खिव्याचा. ते गाव टोकाला आहे. तिथं गेलं की त्याच रस्त्यानं परत यावं लागतं. आणि अब्बांचा नियम तुला पाठ आहे. गेलेल्या रस्त्यानं परत यायचं नाही, पॅसेंजरला तेच तेच दाखवलं की तो कंटाळतो. मी चार वेळा नकाशा काढला, चारही वेळा त्यांनी बोट ठेवलं, ‘हितं तू गाडी मागं वळवलीस.’ तिकडे गुफरान पुण्याहून फोन करून सांगतो की खिवा काढून टाक, हॉटेलात पोहायचा तलाव बघ. भाभीला ताश्कंदच्या बाजाराला पूर्ण दोन दिवस हवेत. मी फोन ठेवला की भिंतीशी बोलते.

आणि एवढं सगळं जमवून आणलं, तर अम्मी पासपोर्ट देत नाही.

खरंच देत नाही. तिच्या कपाटात, किल्ली तिच्या कमरेला. व्हिसाचा अर्ज त्यावाचून भरता येत नाही आणि तिच्याशिवाय अब्बा घराबाहेर पाऊल टाकणार नाहीत. रोज नवं कारण. आधी म्हणाली थंडी सोसणार नाही. मग गुडघे. मग म्हणाली तिथले लोक चहात दूध घालत नाहीत. काल तर म्हणाली, ‘मेरेकू नक्को पासपोर्ट-बिसपोर्ट, तुम लोगां जाव.’ आणि तेच तोंड फिरवून माझ्याकडून गरम मोजे मागवून घेतले!

म्हणजे जायचंय तिला. तयारीही चाललीये, पण तिच्या पद्धतीची. आपल्याकडे कुणी हजला निघालं की घरोघर जाऊन ‘कहा-सुना माफ करो’ म्हणतात, समोरचा ‘माफ, माफ’ म्हणतो, चहा होतो, झालं. अम्मीच्या हिशेबी विमानात बसायचं म्हणजे तीच वाट. परत आलो नाही तर कुणाचं बोलणं अंगावर राहायला नको. मी सांगून दमले की आपण हजला नाही, घुमट बघायला चाललोय. ऐकतच नाही. सगळी गल्ली झाली, मोहोळची मामी झाली, माढ्याला जाऊन आली. शबे-बरात तर माफी मागायचीच रात्र, तेव्हा तयार मेसेज माझ्याकडून सगळ्यांना पाठवून घेतला. फोनमध्ये तुझं नाव आलं तेव्हा म्हणाली, ‘रहने दे, उसका फोन बंद रहता.’

पलीकडच्या रत्नम्माकडे मीही बरोबर गेले होते. नळाला पाणी येतं त्या दिवशी या दोघी कशा भांडतात ते तू पाहिलंयस. अम्मी उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, ‘कहा-सुना माफ करो, रत्नम्मा.’ आता त्या बिचारीला आपली पद्धत काय ठाऊक! तिनं वातींचा कापूस खाली ठेवला आणि विचारलं, ‘कशाची माफी?’

अम्मी म्हणाली, ‘असंच. सगळ्याची.’

‘सगळ्याची कशी देऊ? काय केलंस ते सांग की.’

अम्मी इतकी गोंधळली, की मला हसू आवरेना. मग हळूच म्हणाली, ‘तुझी घागर मी मुद्दाम लवंडली होती. दिवाळीच्या आधी.’

‘व्हय, ठाऊक हाय मला,’ रत्नम्मा म्हणाली. ‘वाईट वाटलं होतं. आता न्हाय वाटत. बस, चहा टाकते.’

येताना अम्मी रस्ताभर बोलत होती. इतकी मोकळी मी तिला कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती. मला वाटलं, आता पासपोर्ट निघणार. निघाला नाही.

का निघाला नाही ते मला ठाऊक नाही. पेपर तपासायचे राहिलेत, उद्या पुढचं लिहिते.

गुरुवार

आपा, पेपर सोमवारीच तपासून झाले होते. आणि का निघाला नाही तेही मला ठाऊक होतं. तुलाही हे वाचताना कळलं असेल. तू काही वेडी नाहीस.

काल संध्याकाळी गुफरानचा फोन आला. शनिवारपर्यंत अम्मीचे कागद आले नाहीत तर तो सहल रद्द करणार. मी फोन ठेवला आणि माझा तोल गेला. म्हटलं, गेले खड्ड्यात तुमचे घुमट, मी आजपासून एक ओळ लिहिणार नाही. नकाशा चुरगळून फेकला. अब्बांनी तो उचलला, मांडीवर ठेवून तळव्यानं सपाट केला आणि अम्मीला विचारलं, ‘कमर, तुझं काय अडलंय?’

अम्मी लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, ‘मेरा एक घर बाकी है.’

ते घर तुझं. इतक्या वर्षांत तुझा विषय या घरात पहिल्यांदा निघाला, आणि तोही नाव न घेता.

म्हणून मी नाव घेऊन लिहिते. गुफरानच्या हळदीला तू वाटी घेऊन पुढं आलीस. हळद तूच कुटली होतीस. अम्मीनं सगळ्या बायकांसमोर ती वाटी तुझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, ‘तू नक्को बेटी, सुहागनांकू लगाने दे.’ दूल्हाभाईंना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नवरा गेलेल्या बाईचा हात आपल्या सख्ख्या भावाला लागू नये! वर ‘बेटी’ म्हणाली, म्हणून कुणाला त्यात काही वावगंही वाटलं नाही. तू हात धुतलेस, पंगतीला वाढलंस, वलीम्याचं जेवण उरकल्यावर सासरी मंद्रूपची एसटी धरलीस, आणि पुन्हा आली नाहीस. मी त्या वेळी पुण्याचे पाहुणे आणायला स्टेशनवर होते. मला हे रत्नम्मानं सांगितलं. तू सांगितलं नाहीस. मला तुझा राग आहे तो याचाच. ईदला ‘शेळ्या व्यायल्यात’, बकरीदला ‘सासूबाईंचं दुखतंय’. एकदा तरी फोनवर ओरडायचंस ना. मी ऐकलं असतं.

अम्मीचा तर इतका राग आहे, की तिच्यासाठी आणलेले मोजे दुकानात परत द्यावेसे वाटतात. ती वाईट बाई नाही. त्या दिवशी तिच्या बाजूला बसलेल्या बायकांना ती भ्याली होती. पण भिऊन केलं म्हणून तुला कमी लागलं का?

तर पुढचं ऐक. अब्बांनी पेन्सिल घेतली आणि नकाशाच्या कोपऱ्यात, जिथं मी नुसतं ‘सोलापूर’ लिहिलं होतं, त्याच्या खाली मंद्रूप लिहिलं. मी म्हटलं, अब्बा, विमान मुंबईहून, मुंबई तिकडे, मंद्रूप इकडे, अगदी उलटं. तर म्हणाले, ‘उलटं कसं? गाडी मंद्रूपहून सुटेल. मग कुठं मागं वळायचा प्रश्नच येत नाही.’ एवढं बोलून नमाजाला गेले. आपा, खिव्यासाठी ज्यांनी माझं डोकं खाल्लं, ते हेच गृहस्थ!

उद्या जुम्म्याची नमाज झाली की ते दोघं तुझ्याकडे येतायत. मी येत नाही. मी आले तर अम्मी माझ्या आड लपेल.

आता माझी भीती सांगते. अम्मी दारात ‘कहा-सुना माफ कर’ म्हणेल. तू आहेस ती अशी, तिला वाक्यही पुरं करू देणार नाहीस. ‘माफ, माफ’ म्हणशील, चहा टाकशील, परडी भरून बोरं देशील. ती हलकी होऊन विमानात बसेल आणि तुझ्या हाताला ती हळद तशीच राहील. असं करू नकोस. रत्नम्मानं विचारलं तसं विचार. कशाची माफी? तिला तोंडानं सांगू दे. घागरीचं सांगता आलं तिला, तर वाटीचंही येईल.

नाही आलं तर? चिडेल, उठेल, पासपोर्ट कपाटात राहील. हे मी आज अब्बांना स्पष्ट विचारलं. तुमची सहल बुडेल, म्हटलं. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, ‘जन्मभर पार्किंगमध्ये थांबलो. लेकीसाठी आणखी थांबीन की.’

हे पत्र मी पोस्टात टाकत नाही. पाकिटात घालून अम्मीच्याच हातात देतेय. म्हणजे तू हे वाचतेस तेव्हा ती तुझ्या समोर बसलेली असेल, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. अब्बा बाहेर गाडीपाशी असतील, त्यांना आत बोलव. ती आता विचारेल, ‘क्या लिक्खी इफ्रा?’

तिला मराठी वाचता येत नाही. ऐकलेलं सगळं समजतं.

पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाच, आपा. मोज्यांचंही वाच. आणि वाचून झालं की गप्प बस. त्यानंतर बोलायची पाळी तिची आहे.

यात मी जे काही बोलले ते कुणीही माफ करू नये, नीट लक्षात ठेवावं, एवढंच मागणारी,

तुमची दोघींची,
इफ्रा