मिनिटाला वीस ठोके

१ नोव्हेंबर, कशेळे

या घरात माझ्या हाताने झालेल्या वस्तू, आजच्या तारखेपर्यंत: सागाच्या फळ्यांचं शेल्फ, चार कप्पे, सगळे सांधे खाचेचे, एकही खिळा नाही. टाकी भरली की ओरडणारा भोंगा. पंख्याच्या जुन्या मोटरीवर फिरणारी खोबऱ्याची खवणी. तीन बँडचा रेडिओ. नंदाच्या कमरेचा छल्ला. आणि गायगर काउंटर, जो अजून अर्धाच आहे.

चोवीस वर्षं दहिवलीत भाड्याच्या खोलीत टीव्ही दुरुस्त केले. मी दहावी नापास, पण डिप्लोमावाले बिघाड विचारायला माझ्याकडे यायचे. आता दोन खोल्या आणि मागचं परसू स्वतःचं. नंदा सकाळपासून प्रत्येक दार उगीच उघडून लावून बघते आहे.

छल्ल्याबद्दल लिहून ठेवतो. खालापूरच्या नवनाथ भंगारवाल्याकडून एक खोकं सुटे भाग आणले होते. त्यात बोटभर लांबीचा, साखळीसारखा लवचीक, लखलखीत तुकडा निघाला. टोकाला चिंचोक्याएवढं गुळगुळीत बोंड. इतकं कडक की कानस घसरली. त्याला पितळेचा आकडा आणि कडी जोडली. नंदाने कपाटाच्या आणि दाराच्या किल्ल्या अडकवून तो कमरेला खोवला. म्हणाली, "आता झाले मी घरवाली. आईच्या कमरंला असाच व्हता."

३ नोव्हेंबर

काउंटर पूर्ण. ट्यूब परदेशी, सर्किट माझं.

नंदाला समजावलं की किरणोत्सर्ग म्हणजे फक्त अणुभट्टी नव्हे. आभाळातून येतो, जमिनीतल्या दगडातून येतो, मातीतून निघणाऱ्या वायूतून येतो. केळ्यात असतो, आपल्या हाडामांसातही असतो. त्यावर एक्सरे वगैरे माणसाने केलेला वेगळा. ती म्हणाली, "म्हंजे केळं खाल्लं का मी पन वाजनार काय?"

चालू केला तर लाह्या फुटाव्यात तसा आवाज. ट्यूब जास्तच तल्लख मिळाली. शंभरात एकच ठोका वाजेल असा फाटा सर्किटला दिला. पुस्तकात साध्या घराचा आकडा मिनिटाला वीस दिला आहे. नंदा शेजारी बॅटरी धरून उभी होती. मी स्क्रू फिरवत गेलो आणि बरोबर वीसवर आणून लाखेने बंद केला. आता हेच माझं माप.

६ नोव्हेंबर

एका कंत्राटदाराचा माणूस आला होता, नीलेश नावाचा. पाइपांचे जोड तपासायच्या मशीनचा बोटभर चकचकीत भाग हरवला म्हणे, नवनाथने माझं नाव सांगितलं. काय भाग, कशाचा, ते सांगेना. म्हणाला, "काका, तुमच्या कामाचं नाय ते. तुमाला नाय कळायचं."

मला नाही कळायचं! जी रक्कम देऊ केली ती इथे लिहीत नाही, अपमान आहे तो. वाटेला लावला. कार्ड टाकून गेला.

उजव्या अंगठ्याला आणि दोन बोटांना फोड आलेत. सोल्डरिंगच्या कय्याचा चटका बसला असणार, पण आठवत नाही.

११ नोव्हेंबर

काउंटर घेऊन कडावला गेलो. भातं कापून झालीत, शेतं मोकळी. बांधावर दहा मिनिटं बसलो. एक ठोका नाही. देवळापाशी नाही, दूध डेअरीच्या ओट्यावर नाही. जणू तिथलं आभाळ आणि दगड मेले आहेत.

घरी आलो. उंबऱ्यातच वीस.

सगळी सोल्डरिंग पुन्हा तपासली. माझ्या कामात खोट नाही.

१५ नोव्हेंबर

नंदाच्या कमरेला डाव्या बाजूला लाल चट्टा, त्यावर फोड. कर्जतच्या डॉक्टरांनी नागीण सांगितली. वाडीवरची भागी लाकडं द्यायला आली होती, तिने पाला वाटून लावला आणि भोवती गेरूची रेघ ओढली. म्हणाली, "वयनी, तिचं तोंड आन शेपूट भेटू द्याचं नाय बघ." नंदा हसली, पण मग सारखी पदर सारून बघत होती, किती पुढे सरकली ते.

जेवण जात नाही. ओकारी होते.

कमरेला कडी टोचते म्हणून छल्ला काढून उशाखाली ठेवला. किल्ल्या हाताशी हव्यात म्हणे.

१९ नोव्हेंबर

नंदा शेजारच्या घरी जाऊन बसली होती, किल्ल्या मुठीत. मी टेबलाशी. काउंटर गप्प. मग एक ठोका. मग दुसरा. मग वाढत गेले. मी दाराकडे बघत राहिलो आणि पाठोपाठ तिच्या चपला वाजल्या.

दुपारी दोनदा तसंच. ती दिसायच्या आधी मला ती ऐकू येते.

तिला सांगितलं नाही.

२२ नोव्हेंबर

नंदा भावाकडे गेली, सलाईन लावायला. पिशवी तिनेच भरली. घर बंद करायला माझ्याकडे दुसरी किल्ली.

रिकाम्या घरात काउंटर लावला. एक तास. शून्य.

म्हणजे घर नाही. भिंती नाहीत, जमीन नाही. बायको —

मी भूतबाधा मानत नाही. पण आज तिच्या अंथरुणावर बसायचं धाडस झालं नाही.

२५ नोव्हेंबर

आली. विंचरताना फणीत केसांचा पुंजका. लपवला माझ्यापासून.

दुपारी तिचा डोळा लागला तेव्हा तिच्या अंगावरून काउंटर फिरवला. पाय — तुरळक. छाती — वाढला. डोकं — ठोके मोजता येईनात. उशीशी नेला तर ठोके जुळून एकच लांब आवाज.

जागी झाली. म्हणाली, "काय वं, केळं खाल्लेलं कळलं काय?"

उशी उचलली. छल्ला.

२६ नोव्हेंबर

छल्ला लांब चिमट्याने परसात नेला, खड्ड्यात टाकला, वर विटा. नीलेशला फोन.  तो म्हणाला, "काका, कमरंला व्हता काय? किती दिस?"

मोजून सांगितलं.

गाडी आली. पांढरे कपडे घातलेली माणसं. म्हणाली, पाइपांच्या जोडांचा एक्सरे काढायचा किरणोत्सर्गी तुकडा आहे हा. त्यांच्या मीटरला लाख नव्हती.

आता कळलं. ३ तारखेला मी माप लावलं तेव्हा नंदा शेजारी उभी होती, छल्ला कमरेला. मी त्या तुकड्यालाच आभाळ आणि दगड समजलो. कडावचं शेत बरोबर होतं. चूक काउंटरची नव्हती. मी लाख लावली.

२ डिसेंबर, मुंबई, इस्पितळ

काचेआडून बघू देतात. चट्टा आता खोल जखम. रक्तातल्या पेशी रोज कमी.

तिने खुणेने विचारलं — छल्ला कुठे. मी सांगितलं, शेल्फवर ठेवलाय, वरच्या कप्प्यात. तिने मान हलवली. समाधान वाटलं तिला.

माझी तीन बोटं काळी. डाव्या हाताने लिहितोय, अक्षर वाईट.

५ डिसेंबर, कशेळे

नंदा सकाळी इस्पितळातच गेली. मला आत नेलं तेव्हा हात गार —

७ डिसेंबर

लाख फोडली. फाटा काढला. काउंटर टेबलावर. आता खरे वीस. आभाळ, दगड, माती. मी.

दाराकडे बघतोय. ठोके वाढत नाहीत. एकदा तरी वाढावेत —

८ डिसेंबर

एक लिहायचं ठेवलं होतं. ६ नोव्हेंबरचं. अपमान झाला म्हणून लिहिलं नाही असं नव्हतं.

नीलेश दारात. नंदा माझ्या मागे. तिने रक्कम ऐकली आणि छल्ला कमरेचा काढला. किल्ल्या सोडवत होती. म्हणाली, "देऊन टाका वं, मला दुसरा करा." हात पुढे केला होता तिने.

मी तिचा हात मागे सारला. म्हटलं, माझ्या हाताने केलेली वस्तू मी विकत नाही. खोव परत.

तिने खोवला.

तो म्हणत होता पन्नास हजार. रोख. आत्ता. मी नाही म्हटलं. पन्नास ह —