धुतलेल्या पिशव्या

सोमवार, ४ तारीख
अखेर चिकटलो नोकरीला! सर्पविष केंद्र, पगार बरा, राहायला मागची खोली. आईला फक्त ‘प्रयोगशाळा’ एवढंच सांगितलं. प्रमुखांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांनी आल्याआल्या शिकवणी घेतली. मण्यार जहाल विषारी, कवड्या बिनविषारी. दोघेही काळपट, पट्टेवाले. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे विरतात, मण्यारीचे शेपटीकडे ठळक. मी मान डोलावली. खरं तर नीट बघितलंच नाही. ते गुळगुळीत अंग त्यांच्या बोटांतून सरकताना माझं जेवण वर आलं. कारकूनसाहेब मात्र आवडले. शर्टाला सुरकुती नाही, सापघराची पायरी चढत नाहीत. आमचं जमणार.

बुधवार, ६
वास! मास्तर म्हणतात, आठवड्यात नाक मरतं. आज नागाने अर्धवट पचलेला उंदीर ओकला. केस गळलेले, पोट फुटलेलं, गुलाबी लगदा. तो मी चिमट्याने उचलला आणि मास्तर शेजारी उभे राहून डबा खात होते. वर घोणस चावलेल्या हाताचे फोटो दाखवले. फोड, काळं पडलेलं मांस, पिवळं पाणी. शी! मण्यारीचं तसं नाही म्हणे. दुखत नाही, सुजत नाही. पापण्या मिटतात, गिळता येत नाही, वाचा जाते, मग श्वास. रात्री जेवलो नाही.

शुक्रवार, ८
घाण असह्य झाली म्हणून सापांच्या पिशव्याच धुतल्या. सापांच्या नावाच्या चिठ्ठ्या सोडल्या, साप आकड्याने झाकणाच्या बादल्यांत, पिशव्या उकळत्या पाण्यात. वाळल्यावर तोंड फिरवून साप परत भरले आणि चिठ्ठ्या बांधल्या. साप बघून बांधल्यास ना, असं मास्तरांनी विचारलं. हो म्हणालो. त्यांनी पाठ थोपटली.

शनिवार, ९. सकाळी नऊ
पिशवी उचलताना कापडातूनच कवड्या चावला. करंगळीला दोन टिपके, मुंगी डसावी तसे. मास्तर बाहेरगावी निघाले होते. चिठ्ठी वाचून हसले, आता तू आमच्यातला झालास म्हणाले आणि गाडी घेऊन गेले. साबणाने तीनदा हात धुतला.

साडेदहा
पोट पिळवटतंय. डोळे जड. खोलीत येऊन पडलो. वास डोक्यात गेला असणार.

अकरा
अक्षरं दोन-दोन दिसतात. लाळ गिळवत नाही. हनुवटीवरून छातीवर, कोमट, चिकट. माझीच मला किळस —

सव्वाअकरा
पापणी बोटाने वर धरून लिहितोय. शुक्रवारी मी साप बघितला नव्हता. एकही नाही. ही मण्यार आहे. हाका मारतोय, आवाज नाही, नुसते बुडबुडे —

कारकून आले. दारातच नाकाला रुमाल. पिशवीवर कवड्या लिहिलंय, तो बिनविषारी, उगाच हाय खाल्लीस म्हणाले. मी वही पुढे केली. पानांवर लाळेची तार. त्यांनी दोन बोटांत धरली, शी म्हणाले, न वाचताच माझ्या अंगावर टाकली. झोप काढ म्हणाले.

हात धुतायत. नळ वाहतोय. साबण, पुन्हा साबण. मी जागा आहे. ऐकू येतंय. आई

दार बाहेरून ओढून घेतलं. साहेब, वाचा. एवढंच वा