आजीला प्रोत्साहन द्यावे

आदरणीय वन्सं,

धाकट्या भावजयीचा नमस्कार. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि आता तुम्हाला छताच्या कोपऱ्यातली जळमटंही दिसायला लागली आहेत, असं भाचीने फोनवर सांगितलं. तिच्या आवाजावरून ती जळमटं तिच्याच घरातली असावीत. थेंब वेळच्या वेळी घाला आणि थोडे दिवस खालीच बघा. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे, म्हणून पानं जास्त झाली, मजकूर वाढला असं समजू नका. (तोही वाढला आहे.) इकडे आम्ही सगळे ठीक. तुमच्या भावाला जाऊन या महिन्यात चार वर्षं होतील. चहाला आधण ठेवताना हात अजून दोन कपांचंच पाणी घेतो आणि मग मी दोन कप पिते. बाकी तब्येतीची तक्रार नाही. काही हवं आहे म्हणून हे पत्र लिहीत नाही. नातीच्या शाळाप्रवेशाचं घोडं अडलं आहे, ते दुसऱ्या कुणाकडून कानावर येण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढंच.

आपल्या चर्चला लागून असलेली सिस्टरांची प्राथमिक शाळा तुम्हाला आठवतच असेल. घरापासून चालत सात मिनिटं. ती मिळाली नाही तर दुसरी शाळा दोन बस बदलून आहे, आणि सूनबाई दातांच्या दवाखान्यात सकाळी आठला हजर असावी लागते, चिरंजीव लिफ्टा दुरुस्त करत कुठल्या इमारतीत कितव्या मजल्यावर लोंबकळत असतील ते त्यांनाही ठाऊक नसतं. म्हणजे पोरीला नेणार-आणणार मी, आणि माझे गुडघे दोन बसचे राहिलेले नाहीत. सात मिनिटांचे आहेत. तेव्हा हीच शाळा मिळायला हवी, यावर घरात पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं.

शाळेच्या फॉर्मसोबत फादरांचं पत्र लागतं, की हे कुटुंब दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला येतं. हल्ली त्यासाठी कार्ड निघालं आहे. मिस्सा सुटली की दारात चर्चचा सेवक शिक्का घेऊन उभा असतो, चोवीस रविवार, चोवीस शिक्के. चिरंजीव लग्नानंतर चर्चमध्ये फक्त लिफ्ट आहे का बघायला गेले असतील (नाही आहे), ते एकदम पहिल्या बाकावर, फादरांच्या थेट नाकासमोर बसायला लागले. गाण्याचे शब्द येत नाहीत, तर नुसता सूर लावून मोठ्याने गातात. त्यांच्या मागच्या तीन रांगांमध्ये तुम्ही पाहाल तर सगळे पाच वर्षांच्या मुलांचे आईबाप. सहा वर्षांच्या मुलाचा बाप एकही नाही. ही मंडळी दर वर्षी येतात आणि प्रवेशाची यादी लागली की जातात, त्यात मला काही वावगं वाटत नाही, देवालाही माणसं ओळखीची झालेली बरी. मी मात्र कार्ड घेतलं नाही. मला कुणी मागितलं नव्हतं.

मग मुलाखतीची तयारी. चिरंजीवांनी कामावरच्या कुणाकडून प्रश्नांची यादी आणली आणि सूनबाईने ती फ्रिजवर लावली. मुलाखत आईबाप, मूल आणि मुलाला दिवसभर सांभाळणारं माणूस, अशी सगळ्यांची असते. घरात वाचनाची सवय मला, म्हणून मुख्याध्यापिका सिस्टर मी व्हायचं ठरलं. इस्त्रीच्या टेबलामागे खुर्ची टाकून मी रोज संध्याकाळी बसे आणि तिघं ओळीने समोर. तुम्हाला सांगते, मी आपल्या मुलाला दोनदा नापास केलं. कुटुंबात प्रार्थना होते का, विचारलं, तर म्हणाला, कामावर होते, पण लिफ्टमध्ये अडकलेले लोक करतात, मी वर तारा बघत असतो. सूनबाई उत्तरं चोख देई, पण प्रत्येक उत्तराआधी समोरच्याला ‘आ’ करायला सांगितल्यासारखी हनुवटी वर करे. पंधरा दिवसांत चिरंजीवांना इतकी सवय झाली, की एकदा सकाळी अंघोळीहून येऊन मला म्हणाले, सिस्टर, माझा निळा शर्ट बघितलात का? मीही म्हटलं, बाळ, दोरीवर आहे.

नातीची तयारी करावी लागली नाही, हाच खरा घोळ. तिला खालचा शिंपी ‘टपाल’ म्हणतो. घरात बोललेलं वाक्य ती अर्ध्या तासात तीन मजले पोचतं करते, तेही जसंच्या तसं, पाकीट न फोडता. तिला आईने एवढंच बजावलं, की खरं बोलायचं. पाच वर्षांच्या मुलीला असं मोघम सांगून चालत नाही, हे मी बोलले होते.

मुलाखतीच्या दिवशी आम्ही चौघं ओळीने बसलो. सिस्टर वयाने माझ्याएवढ्या, बारीक, बोलायला थंड, टेबलावर पेन्सिलींना टोक काढायचं यंत्र आणि पेपरवेट म्हणून एक बटाट्याएवढा दगड. पोरीने रंग ओळखले, वीसपर्यंत उलटे आकडे म्हणून दाखवले आणि दगड कुठून आणला ते विचारलं. घरात कोण वाचतं, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खरं ते सांगितलं. तुमच्या भावाची छापखान्यात रात्रपाळी होती, छपाईत बिघडलेले सोळा-सोळा पानांचे गठ्ठे ते घरी आणत आणि मी त्यांवर अक्षरं जोडत जोडत वाचायला शिकले. त्यामुळे मी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत, पण सुरुवात फार थोड्यांची ठाऊक आहे आणि शेवट एकाचाही नाही. सिस्टर पहिल्यांदा हसल्या. चिरंजीवांनी टेबलाखालून माझा हात दाबला. मला वाटलं, झालं काम.

मग त्यांनी फादरांचं बंद पाकीट फोडलं आणि वाचून दाखवलं. वडील : नियमित, उत्साही. आई : नियमित. आणि सांभाळणारी व्यक्ती, आजी : ‘परिचय नाही. चर्चला येण्यास प्रोत्साहन द्यावे.’

वन्सं, तुम्हाला माहीत आहे मी कुठे बसते. डाव्या हाताच्या तिसऱ्या खांबामागे. रात्रपाळी करून तुमचे भाऊ छापखान्यातून थेट मिस्साला येत आणि प्रवचन सुरू झालं की खांबाला टेकून झोपत. ते दिसू नये म्हणून ती जागा धरली, ती अडतीस वर्षं. नवे फादर तीन वर्षांपूर्वी आले. वेदीवरून त्यांना खांब दिसतो, मी दिसत नाही. परमप्रसादाच्या रांगेत मी जाते, पण तिथे सगळ्या बायका डोक्यावरून पदर किंवा रुमाल घेऊन मान खाली घालून असतात. त्यांनी तरी काय ओळखावं? माणूस चांगला आहे. माहीत नाही ते माहीत नाही म्हणून लिहिलं.

सिस्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि फार हळू आवाजात म्हणाल्या, “आजी, कधीतरी येत जावं. बरं वाटतं.”

मी तोंड उघडायच्या आत टपालाने पाकीट पोचतं केलं. “आजी दर रविवारी जाते. पप्पा आत्ता जायला लागलेत. कार्ड भरलं की त्यांना सुट्टी आहे.”

खोलीत टोक काढायचं यंत्र तेवढं कुणीतरी फिरवत होतं. बघितलं तर चिरंजीवच फिरवत होते, पेन्सिल न घालता. सिस्टरांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि मग सांगितलं, की जागा पुढच्या शुक्रवारपर्यंत राखून ठेवते. “एक तर पत्र चुकलं आहे, नाही तर मुलगी. पत्र चुकलं असेल तर मला आनंद आहे. आईबाप येतात-जातात, मला मुलीला आणणारं माणूस बघायचं असतं.”

घरी आल्यावर चिरंजीवांनी तोडगा काढला, की मी आता पुढच्या बाकावर बसावं, पश्चात्ताप झाल्यासारखं दिसावं, आणि फादरांनी ‘सुधारणा आहे’ असं लिहून द्यावं. मी म्हटलं, कसला पश्चात्ताप? तो म्हणाला, आई, कसलाही चालेल. शेवटी पोरीच्या तोंडाकडे बघून गेल्या रविवारी मी बसले पुढे. फादरांनी मला बघितलं आणि लिहून आणलेलं प्रवचन बाजूला ठेवून हरवलेल्या मेंढरावर बोलले. वीस मिनिटं. सबंध चर्चने मागून माझी मान बघितली. सुटल्यावर दारात त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, स्वागत आहे. मी म्हटलं, आभारी आहे. काय म्हणणार होते?

पण घरी येऊन जेवण गेलं नाही. सोमवारी मी एकटीच त्यांच्या ऑफिसात गेले आणि सगळं सांगितलं. फादर खजील झाले. मला खुर्ची दिली, नंतर आणखी एक उशी दिली. पण म्हणाले, आजी, मी पत्र बदलायचं तर तुमच्या घरातलं सोडून कुणीतरी सांगायला हवं, नाही तर उद्या सगळेच म्हणतील आम्ही खांबामागे होतो. तेही बरोबर. शेजारच्या बाकावर घड्याळजी बसतो, त्याला विचारलं, तर म्हणाला, मी चाळीस वर्षं समोर बघतो, बाजूला बघायला मिस्साला येतात का? शिक्केवाला म्हणाला, मी तुम्हाला ओळखतो, पण कार्डाशिवाय ओळखायची परवानगी नाही. आणि ज्यांना पक्कं माहीत होतं, ते झोपलेले असत, आणि आता नाहीत.

असं सगळं आहे. काळजी करू नका, कळवायचं म्हणून कळवलं. भाचीला आणि जावईबापूंना आठवण सांगा. डोळा चोळू नका.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. फादरांनी वेदीवरची वस्त्रं धुणाऱ्या बायकांची जुनी वही काढली, त्यात तुमचं नाव निघालं, सलग अकरा वर्षं. म्हणाले, या बाईंनी दोन ओळी लिहिल्या तर माझ्या दृष्टीने ते पुरेसं आहे. तुम्ही त्याच बाकावर माझ्या डाव्या हाताला बसत होता. तेव्हा दोन ओळी लिहाच. शुक्रवारच्या आत पोचायला हव्यात. सोबत तिकीट लावलेलं पाकीट घातलं आहे, वर पत्ताही घातला आहे. वर म्हटलं होतं काही हवं म्हणून लिहीत नाही, ते खोडायचं होतं, पण पान स्वच्छ आलं होतं.

आणखी ता. क. चिरंजीव म्हणतात, आत्याला माझ्याबद्दलही चांगलं लिहायला सांग. तुम्हाला जे खरं वाटेल ते लिहा. लहानपणी मिरवणुकीत मेणबत्ती धरून त्याने पुढच्या बाईची शाल पेटवली होती, म्हणजे तो हजर होता एवढं तरी सिद्ध होईल.

शेवटची ता. क. तुमच्या भावाबद्दल विचारलं तर झोपत असत असंच लिहा, लपवू नका. रात्रभर उभं राहून आलेला माणूस होता, देवाने कधी हरकत घेतली नाही. फक्त एक, तुम्हाला म्हणून सांगते : खांबाला टेकायच्या त्या जागेवर मी अजून माझी पिशवी ठेवते, दुसरं कुणी बसू नये म्हणून. ते लिहू नका. जागा अडवून ठेवायला मनाई आहे, दारातच पाटी आहे.